खड्डा क्रमांक चारच्या काठावरचा मातीचा ढीग सहा फूट मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. सुरक्षा निरीक्षक साहेब,
नीराथडी बांधकाम पाहणी कक्ष,
फिरते कार्यालय, बारामती-इंदापूर रस्ता.

अर्जदार : समाधान सोनबा ओव्हाळ, वय ३८, धंदा मजुरी (फलकावर सुरक्षा पर्यवेक्षक), रा. लासुर्णे, ता. इंदापूर, जि. पुणे. हल्ली मुक्काम खड्डा क्र. ४, तळ.

विषय : अभ्यासिका इमारतीच्या पायाच्या खड्डा क्र. ४ च्या काठावर अटकावून ठेवलेला मातीचा ढीग, माणसे दबून मरण्यापूर्वी, सहा फूट मागे घेण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ७ मार्च २०२५.
२) अर्जदाराने अर्जदाराचा घेतलेला जबाब, दि. १० मार्च २०२५.
३) सदर जबाबाबद्दल आपल्या कार्यालयाने व्यक्त केलेला संशय, दि. ११ मार्च २०२५.

महोदय,

१. वरील विषयान्वये सविनय अर्ज करण्यात येतो की, अर्जदार गेली सोळा वर्षे इमारतींचे पाये खणण्याचे काम करीत असून त्याचे वडील व चुलते विहिरी खणत असत. म्हणजे जमिनीच्या पोटात उतरणे अर्जदाराला नवीन नाही. नवीन आहे ते अर्ज करणे. त्याकरिता अर्जदाराने आपले मामा बुद्धघोष, जे एका शाळेत तीस वर्षे लेखनिक होते, त्यांना खड्ड्यातूनच फोन लावला. मामांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, "अर्जात 'मी' लिहू नगंस. 'मी' म्हणलं की सायबाला वाटतं, ह्यो भांडायला आलाय. 'अर्जदार' म्हन. अर्जदार म्हणलं की मानूस गरीब दिसतंय." सबब यापुढे जे जे झाले ते अर्जदाराला झाले असे समजावे. डावा पाय दुखतो तोही अर्जदाराचाच आहे.

२. लासुर्ण्याच्या अलीकडे, कालव्याच्या खालच्या अंगाला, मुलांसाठी अभ्यासिकेची इमारत मंजूर झाली असून तिच्या खांबांसाठी सहा खड्डे खणण्यात आले आहेत. प्रत्येक खड्डा दहा फूट लांब, दहा फूट रुंद व बारा फूट खोल आहे. वरची नऊ फूट काळी माती आणि खाली मुरूम. काळ्या मातीवर इमारत उभी करता येत नाही, कारण ती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून मुरुमापर्यंत जावेच लागते. यंत्राने खणून झाले तरी तळ सारखा करायला, लोखंडाची जाळी बांधायला माणूसच खाली उतरावा लागतो. हे काम अर्जदार, त्याची पत्नी ज्योत्स्ना, साठी उलटलेल्या धोंडाबाई आणि जाळी बांधणारा सरदार असे चौघे करीत होते. यंत्र चालवणारा आफताब हा पाचवा.

३. आता मूळ चूक सांगणे प्राप्त आहे, कारण तिच्यात अर्जदारही सामील आहे. आमच्याकडे काळ्या मातीला मान आहे. कुठेही खड्डा पडला की शेजारचा बागायतदार येऊन माती बोलून ठेवतो. ढिगावर त्याने उसाच्या पाचटाची पेंढी खोचली, की माती त्याची झाली. मग तिच्यात मुरमाचा एक खडासुद्धा मिसळायचा नाही. इथे शेजारचे अप्पा यांनी पेंढी खोचली. सहाही खड्ड्यांतली चांगली माती एकाच ठिकाणी, अप्पांच्या ट्रॉलीला रस्त्यावरून भरायला सोपी जाईल अशी, म्हणजे बरोबर खड्डा क्र. ४ च्या काठावर रचली गेली. आणि बिनकामाचा मुरूम मात्र लांब नेऊन टाकला! ज्याची किंमत ते उशाशी घेऊन झोपायचे, ही आमची जुनी खोड. अर्जदाराच्या मनात आले होते की हे बरोबर नाही. पण बापजाद्यांच्या विहिरी मुरमात सरळ ताशीव उभ्या राहिल्या होत्या, तर ही कड काय करते, असा तोराही होता. विहिरीच्या काठावर कोणी चोपन्न ब्रास, म्हणजे ट्रॉलीच्या पन्नासेक खेपा, माती रचीत नाही, हे तेव्हा डोक्यात आले नाही.

४. अर्जदार सुरक्षा पर्यवेक्षक कसा झाला, हाही खुलासा करतो. गेल्या वर्षी बारामतीत बांधकाम मजुरांसाठी एक दिवसाचे सुरक्षा शिबिर झाले. चहा, जेवण, पिवळे जाकीट आणि हेल्मेट मिळणार म्हणून अर्जदार गेला. खोटे का बोला, जेवण चांगले होते. पण व्याख्यान देणाऱ्या मॅडमही चांगल्या होत्या. त्यांनी सांगितले, खणलेली माती काठापासून निदान पाच-सहा फूट लांब टाका, कडा उतरत्या ठेवा, नाहीतर फळ्या-टेकू लावा, शिडी कायम आत ठेवा, पाणी मुरले की कोणी खाली उतरू नका. शेवटी सर्वांना प्रमाणपत्र दिले. ते प्रमाणपत्र या कामाचे ठेकेदार, ज्यांस सर्व जण तात्या म्हणतात, त्यांनी "बघू की जरा" म्हणून घेतले आणि परत दिलेच नाही. दुसऱ्या दिवशी फलकावर नाव आले : सुरक्षा पर्यवेक्षक, स. सो. ओव्हाळ. अर्जदाराने विचारले तर तात्या हसले. "आरं, तुझं नाव रंगवून घेतलंय, चार मान्सं वाचतील. घमेलं उचल आता." टेकू मागितले तर म्हणाले, "टेकू लावाया ही काय म्हातारी हाय का?" यावर सगळे हसले. अर्जदारही हसला, याची त्याला आजही लाज वाटते.

५. दि. २७ फेब्रुवारी रोजी सकाळी दहाच्या सुमारास अर्जदार खड्डा क्र. ४ च्या तळाला टिकावाने मुरूम सारखा करीत असताना ढिगाखालची कड सुटली. आवाज काही मोठा झाला नाही. धान्याचे पोते भुईवर टाकावे तेवढाच झाला, आणि अर्जदार उभ्याचा उभा छातीपर्यंत मातीत गेला. लोक म्हणतात, डोकं तर वर होतं, मग काय झालं? महोदय, काय झाले ते असे. श्वास सोडला की छाती जेवढी आत जाते, तेवढी माती पुढे सरकून बसते. मग पुढचा श्वास आधीच्याहून लहान येतो. त्याच्या पुढचा त्याहून लहान. अर्जदाराला हे एकेक श्वासाने कळत होते आणि तो रडत होता. ज्योत्स्ना वरून उडी टाकणार, तेवढ्यात धोंडाबाईंनी तिचा पदर धरला. सरदार दोर घेऊन आला, तर त्यालाही त्या ओरडल्या, "वडू नगा रं! वडला तर तुटंल त्यो. हातानं उकरा!" आफताबने यंत्र बंद केले, कारण हादऱ्याने उरलेली कड आली असती. तिघे-चौघे शिडीने उतरून पन्नास मिनिटे हाताने माती उपसत होते. धोंडाबाईंच्या अंगठ्याचे व एका बोटाचे नख गेले. अर्जदाराचा डावा पाय मोडला नाही, पण घोट्यात असा काही पिरगळला की आजही नीट टेकत नाही. बारामतीच्या दवाखान्यात चार दिवस काढून अर्जदार लंगडत कामावर आला.

६. आला तर काय पाहतो! ढीग जागच्या जागी, आणि त्याच्याभोवती पांढरी फक्की मारलेली. कोणीतरी तक्रार केली होती. माणूस गाडला गेला म्हणून नव्हे, तर विनापरवाना माती साठवली म्हणून. महसूल खात्याचे एक पथक आले, त्यांनी टेप लावून ढीग मोजला, पंचनामा केला आणि पाटी रोवली : "सदर साठा अटकावून ठेवण्यात आला आहे. पुढील आदेशापर्यंत जागेवरून हलविल्यास कारवाई." अर्जदार ज्या मातीखाली होता ती मोजली गेली, अर्जदार मोजला गेला नाही. त्याबद्दलही तक्रार नाही. पण कड सुटलेली, तिच्यावर अजून तेवढाच भार, आणि आता तो भार सरकारी! आधी अप्पांना हातापाया पडून ढीग हलवता आला असता. आता अप्पा म्हणतात, "माती माझी ऱ्हायली न्हाय बाबा, सरकारची झाली." पथकाला फोन केला तर ते म्हणाले, खड्डा आमच्याकडे येत नाही, आम्ही फक्त ढीग बघतो. आणि आपल्या कार्यालयातून सांगण्यात आले, ढीग आमच्याकडे येत नाही, आम्ही फक्त खड्डा बघतो. महोदय, दोघांमध्ये अंतर एक वीतभर आहे.

७. दि. ७ मार्च रोजी संदर्भ क्र. १ ची नोटीस मिळाली. तीत विचारले होते की, आपण सुरक्षा पर्यवेक्षक असताना समाधान सोनबा ओव्हाळ नावाच्या मजुरास विनाआधार खड्ड्यात उतरण्यास मज्जाव का केला नाही, आणि सदर मजुराचा जबाब नोंदवून तीन दिवसांत सादर करावा. अर्जदाराने नोटीस तीन वेळा वाचली. मग ज्योत्स्नाला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मग इचारा की सोताला. मी तर लगीन झाल्यापास्नं इचारतीया." चोर सोडून संन्याशाला फाशी हे अर्जदाराने ऐकले होते, पण संन्याशालाच फास वळायला सांगितल्याचे ऐकले नव्हते.

८. तरीही आदेशाचा मान राखून अर्जदाराने दि. १० मार्च रोजी घराच्या ओट्यावर बसून अर्जदाराचा जबाब घेतला. त्यातील महत्त्वाचा भाग असा. प्रश्न : खड्ड्यात का उतरलात? उत्तर : कामावर त्यासाठीच बोलावले होते. प्रश्न : पर्यवेक्षकाने अडवले नाही काय? उत्तर : आतून अडवले. प्रश्न : मग ऐकले का नाही? उत्तर : त्याचे कोणीच ऐकत नाही, मी एकट्याने का ऐकावे? प्रश्न : पर्यवेक्षकाविरुद्ध काही तक्रार आहे काय? या प्रश्नाला अर्जदाराने लिहिले, आहे. त्याला माहीत होते. इतरांना माहीत नव्हते, पण त्याला शिबिरात सांगितले होते. खाली सही केली, आणि घेणारा म्हणून आणखी एक सही केली.

९. यावर संदर्भ क्र. ३ आला, की जबाब देणारा व घेणारा यांची सही एकसारखी असल्याने जबाब संशयास्पद वाटतो, सबब दोघांनी समक्ष हजर राहावे. अर्जदार एस.टी.ने गेला आणि दोन तास बाकावर बसला. लिपिक भाऊंनी वर बघून विचारले, दुसरा कुठाय? अर्जदाराने आधार कार्ड दाखवले. ते म्हणाले, हे एकाचं झालं. शेवटी नोंद झाली : दोघांपैकी एक गैरहजर. चौकशी पुढे ढकलली आणि ती पूर्ण होईपर्यंत पर्यवेक्षकाचे काम थांबवण्याचे अधिकार स्थगित केले. जबाबदारी मात्र कायम ठेवली. अर्जदाराने राजीनामा देऊ केला, तर चौकशी चालू असताना राजीनामा घेता येत नाही असे समजले. लिपिक भाऊंचा यात दोष नाही, त्यांनी चहा पाजला.

१०. आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा सर्व कागद काळा केला. बाकीच्या पाच खड्ड्यांत काँक्रीट पडून ते बुजले आहेत. एक क्र. ४ राहिला आहे. एकतीस मार्चच्या आत पाया पूर्ण न दाखवल्यास निधी परत जातो, म्हणून तात्या घाईला आले आहेत. आम्ही उतरणार नाही म्हटले तर ते म्हणाले, "नका उतरू. डाळजची टोळी बोलावतो, पाच मान्सं लगीच येतील." आणि खरेच येतील. त्यांच्या मुकादमाला अर्जदाराने फोन करून सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "दादा, सगळ्या खड्ड्यांचं असंच असतंय. काम तर पायजे." त्यात भर म्हणजे कालव्याचे आवर्तन सुटले असून अप्पांची पाण्याची पाळी शुक्रवारी, दि. २१ मार्च रोजी सकाळी आहे. अप्पांचा ऊस खड्ड्याच्या दुसऱ्या अंगाला सात फुटांवर आहे. मागच्या पाळीला क्र. ६ च्या खड्ड्यात गुडघाभर पाझर आला होता. तेव्हा त्याच्या काठावर ढीग नव्हता, म्हणून कड टिकली. इथे खालून पाणी लागेल आणि वरून चोपन्न ब्रास. अप्पांना पाळी पुढे ढकला म्हणून विनवले. ते म्हणाले, "पाळी काय माझ्या घरची हाय? ती ढकलली तर महिनाभर ऊस वाळंल." त्यांचेही खोटे नाही. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात, अर्जदार तर आडातच उभा आहे.

११. सोमवारी, दि. १७ मार्च रोजी सकाळी आठ वाजता अर्जदार आपली शिडी लावून खड्डा क्र. ४ मध्ये उतरला आणि जिथे जाळी ठेवायची बरोबर त्या जागी मांडी घालून बसला. डोके फिरले असे कोणी म्हणेल, म्हणून हिशेब सांगतो. खाली माणूस असताना जाळी ठेवता येत नाही, काँक्रीट ओतता येत नाही आणि दुसरी टोळी उतरवता येत नाही. म्हणजे अर्जदार इथे बसला तोवर इथे दुसरे कोणी मरत नाही. काम थांबवण्याचा अधिकार काढून घेतला आहे, पण बसण्याचा अधिकार काढून घेतल्याचे पत्र अद्याप मिळालेले नाही. तात्या काठावर येऊन बरेच बोलले. त्यातले अर्जात लिहिण्यासारखे एवढेच, "समाधान, वर ये, न्हायतर पोलीस बोलावतो." अर्जदाराने खालून सांगितले, जरूर बोलवा, पण तात्या, काठावरून बाजूला व्हा. तात्या चटकन मागे झाले. त्यांना माहीत आहे, महोदय. सगळ्यांना माहीत आहे.

१२. इथे बसून दिसते ते असे. वर आभाळाचा चौकोन. तीन बाजूंना तासलेली माती, चौथ्या बाजूची कड पोट पुढे काढल्यासारखी आलेली आणि तिच्या वर ढिगाचा उतार. दिवसातून पाच-सहा वेळा काही नसताना वरून चिमूटभर माती गळते. कबूतर बसले तरी गळते. काठाला समांतर एक भेग आहे. सोमवारी ती आगपेटीची काडी जाईल एवढी होती. मंगळवारी बोट गेले. अर्जदार ती रोज शिडीवर चढून मोजतो आणि पुन्हा खाली येऊन बसतो. वर जावे तर दुसरे उतरतात, खाली राहावे तर ही भेग. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

१३. काल, मंगळवारी दुपारी ज्योत्स्ना भाकरी घेऊन आली. त्याआधी ती दोरीने फडके खाली सोडत होती. काल तिने फडके कमरेला बांधले आणि शिडीवर पाय टाकला. अर्जदार ओरडला, शिव्या दिल्या, हात जोडले. ती शेवटच्या पायरीवरून म्हणाली, "घरी बसून माती पडली का न्हाय ह्येचा इचार करत ऱ्हान्यापरीस हितं बसल्यालं बरं. खावा आता, वांग्याचं हाय." तेव्हापासून ती वर गेलेली नाही. अर्जदार वर गेला तरच जाईन म्हणते. रात्रभर दोघे ढिगासमोरच्या भिंतीला पाठ लावून बसलो, म्हणजे बसले होते. अर्जदाराला लग्नाच्या चौदा वर्षांत तिचा एवढा राग कधी आला नव्हता आणि एवढा आधारही कधी वाटला नव्हता.

१४. तरी महोदय, अर्जदार नुकसानभरपाई मागत नाही. तात्यांवर कारवाई मागत नाही, ती पुढे बघता येईल. चौकशीत अर्जदाराला दोषी धरायचे तर दोघांनाही धरावे. मागणे एवढेच की, सदर ढीग काठापासून सहा फूट मागे घेण्याचे दोन ओळींचे पत्र द्यावे. आफताबने रस्त्याच्या बाजूला यंत्र उभे करून माती आपल्याकडे ओढून घ्यायची आहे. तो म्हणतो, "तासाभराचं काम हाय, पर कागद पायजे. न्हायतर मालकाची मशीन जप्त व्हती." माती कोठेही नेली जाणार नाही. चोपन्न ब्रासची चोपन्न ब्रासच राहील, हवे तर पुन्हा मोजावी. फक्त सहा फूट मागे. त्यानंतर फळ्या व टेकू लावून आम्हीच उतरू आणि आपल्या तारखेच्या आत पाया पूर्ण करून देऊ. आम्हाला अभ्यासिका नको आहे असे नाही. पोरांनी तिथे बसून शिकावे आणि आमच्यासारखे खड्ड्यात बसून अर्ज लिहू नयेत, असे वाटते.

शुक्रवार सकाळच्या आत उपकार व्हावेत ही विनंती.

आपल्या दोन ओळींची खालून वाट पाहणारा,
(सही)
समाधान सोनबा ओव्हाळ

स्थळ : खड्डा क्र. ४
दिनांक : १९ मार्च २०२५, बुधवार, सकाळी साडेअकरा

सोबत :
१) बारामती शिबिरातील चार पानी माहितीपत्रक. पान दोनवर मातीचा ढीग व काठ यांचे चित्र आहे, ते कृपया पाहावे.
२) दवाखान्याचा कागद.
३) ढिगाचा व भेगेचा मोबाइलवर काढलेला फोटो, पाठीमागे तारीख टाकून.
४) धोंडाबाईंच्या अंगठ्याचा ठसा, साक्षीदार म्हणून. नख गेल्याने अंगठा नीट टेकवता येत नाही, म्हणून ठसा अर्धाच उमटला आहे.

ता.क. (दुपारी साडेचार)

अर्ज पूर्ण झाला होता, परंतु तो नेऊन देणाऱ्या अप्पांना बाजाराहून यायला उशीर झाल्याने पुढील बाब नमूद करावी लागत आहे.

दुपारी दीड वाजता धोंडाबाई शिडीने खाली आल्या. त्यांना अर्जदाराने मावशी, मावशी म्हणून विनवले. त्या म्हणाल्या, "मला काय सांगतोस? ह्या हातांनी उकरून काढलाय तुला. आता परत गाडून घ्याया बसलास, तर मी वर बसून बघू व्हय?" आणि भिंतीला टेकून पान लावायला लागल्या. त्यांच्यामागून सरदार आला. तो फार बोलत नाही. त्याने वर पाहिले, कड पाहिली, म्हणाला, "बायामान्सं खाली आन् मी वर, असं कसं चालंल?" अडीच वाजता आफताबने यंत्र बंद केल्याचे खालून ऐकू आले. चावी खिशात टाकून तोही उतरला, कारण तात्यांनी त्याला माती न हलवता नुसते खडी ओढायला यंत्र काठाजवळ आणण्यास सांगितले होते.

म्हणजे महोदय, ज्यांना या खड्ड्याबाहेर ठेवण्यासाठी अर्जदार इथे बसला, ते सगळेच आता खड्ड्यात आहेत. अर्जदाराने सगळ्यांना एकदम वर चला म्हटले. पण डाळजची टोळी तात्यांनी उद्या सकाळी सातला बोलावली आहे, टेम्पो ठरला आहे, हे आफताबने स्वतः ऐकले. आम्ही वर गेलो की ते पाच खाली. धोंडाबाईंनी विचारले, "त्यास्नी काय मान्सं न्हाईत व्हय?" म्हणून कोणी वर गेले नाही. अर्जदाराने आयुष्यात एकच काम शहाणपणाने करायला घेतले होते, तेही असे झाले. फार भीती वाटते, साहेब. एकटा होतो तेव्हा एवढी वाटत नव्हती.

भेगेत आता चार बोटे जातात.

सबब मागणीत बदल करण्यात येत आहे. पत्र पाठवण्यात वेळ घालवू नये. आपण स्वतः यावे. गाडी रस्त्याच्या पलीकडे लांब उभी करावी आणि इंजिन बंद करावे. ढिगाच्या बाजूने न येता उसाच्या बाजूने यावे. काठावर उभे राहू नये, आपले वजन खाली आमच्यावर येते. लांबूनच हाक मारावी. कोणाच्याही नावाने मारली तरी चालेल, आम्ही पाचही जण ओ देऊ.

ओ आली नाही, तर ढीग हलवायला कोणाच्याही परवानगीची वाट पाहू नये.

स. सो. ओव्हाळ